कढीपुरतं भांडं

उमरेड,
१२ जून १९४२

तीर्थरूप दादास वच्छलेचा नमस्कार.

छोट्या गाडीनं हाडं खिळखिळी केली, पण सुखरूप पोचले. पोटातलं माणूसही जागेवर आहे, तेव्हा सुमतीवहिनींना काळजी करू नका म्हणावं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझा ओठ वर करून हिरडीवरची ती काळी रेघ दाखवली, तेव्हा तुझा चेहरा एवढासा झाला होता. मला तिथे काही वाटलं नाही. गाडीत बसल्यावर मात्र घाबरले. आतापर्यंत माझी दोन गेली, ती माझ्या नशिबानं गेली असंच समजत होते. आता बाई म्हणतात, नशीब नव्हे, भांड्याची कल्हई. नशिबाशी भांडता येत नाही, म्हणून निदान गप्प तरी बसता येतं. कल्हईशी भांडायचं म्हणजे सासूबाईंशी भांडायचं.

पण सांगितलं. आधी यांना सांगितलं. हे म्हणाले, "आईला तूच सांग," आणि छत्री घेऊन कचेरीत गेले. मग सासूबाईंना सांगितलं, की कल्हईवाला कथलात शिसं मिसळतो. जपान्यांनी मलाया घेतल्यापासून तर कथील येतच नाही, तो नुसतं शिसंच फासून जातो. आंबट काही शिजवलं की ते शिसं अन्नात उतरतं आणि पोटातल्या जिवाला मारतं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काहून वं, सारे एकाच भांड्यातलं जेवतात. बाप्यांले काही होत नाही, मंग तुलेच कसं होते?"

याचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी पानावर बसले तेव्हा सुचलं. मामंजींना दोन्ही वेळा कढी लागते. ती उतरली की आधी पुरुषांची पंगत होते. मग सोवळ्यातलं आटपून सासूबाई बसतात आणि सगळ्यांच्या शेवटी मी आणि धाकटी जाऊ प्रेमलता. तोवर ती कढी पितळेच्या पातेल्यात तशीच उभी असते. रात्रीची उरली तर सकाळी आम्हीच संपवतो. भांडं एकच, पण त्याच्या तळाशी आम्ही. सासूबाईंचा स्वतःचा वायगोळा आठवड्यातून दोनदा उठतो, हिंग आणि ओवा चावत गुडघे पोटाशी घेऊन पडतात. ते मी दाखवून दिलं, तर म्हणाल्या, "तो माह्या लग्नापासूनचा आहे."

बरं, त्या दुष्ट असत्या तर सोपं गेलं असतं. मला आंबटाचे डोहाळे लागलेत हे त्यांना कळलंय. रोज उठून चुक्याची भाजी, चिंचेचं सार, कैरीचं पन्हं, सगळं स्वतःच्या हातानं करतात आणि मी खाताना समोर बसून बघतात. त्या नजरेसमोर वाटी परत सारणं मला जमत नाही, दादा.

मडक्यात शिजवा म्हटलं तर सोवळ्यात मडकं एकदाच चालतं, मग फोडून टाकायचं. जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, भांडी बाजारात नाहीत, तो पत्रा म्हणे विमानांना लागतो. साध्या लोखंडी कढईत कढी काळी पडते, मामंजी ताट सारतात. बाईंनी सांगितलं होतं तसंच भांडं बघ. जाड बिडाचं, आतून काचेसारखा पांढरा लेप चढवलेलं. कढीपुरतं असलं तरी पुरे. महाग नको, आणि वर्ष-सहा महिन्यांत पोपडे उडणारंही नको, कारण दुसरं मागायची माझी हिंमत होणार नाही.

बाळंतपणाला तुझ्याकडे येण्याचं मनातून काढून टाक. पहिलं तुझ्या घरी मेलेलं जन्मलं, तेव्हापासून माहेरचं घर मला लाभत नाही असं इथे ठरून गेलंय. जे व्हायचं ते याच चुलीपुढे होणार आहे.

तुझी,
वच्छला

*

महाल, नागपूर,
५ जुलै १९४२

चि. वच्छलेस दादाचे आशीर्वाद.

तुझ्या भांड्यापायी मी इतवारीत इतका हिंडलो, की तिथले लोक मला कासार समजू लागले आहेत. सेक्रेटरिएटातून सुटलो की पाय आपोआप तिकडे वळतात आणि तुझी वहिनी रोज विचारते, "आज काय मिळालं नाही?"

भांडेबाजारात तामचिनीचं, म्हणजे तसल्या पांढऱ्या लेपाच्या भांड्याचं, नाव काढलं, तर एका शेटजीनं हातच जोडले. "सारं पलटणीत चाललं जी, पंत. मले माह्या चहाले तामचिनीचा मग नाही भेटून राहिला, तुमाले पातेलं कोठून देऊ?" दुसऱ्याकडे एक पातळ पत्र्याचं होतं. मी नखानं टोकरलं तर पांढरा तुकडा नखात आला. तसलं तुला पाठवलं तर कढीबरोबर तेही पोटात जाईल. लकडगंजात तेलघाण्यांचे भाग ओतणारा एक जण आहे, त्याच्याकडे गेलो. बिडाचं भांडं म्हणाल तेवढं जाड ओतून देतो म्हणाला. "पण आतून पांढरं चढवनं आपल्याच्यानं होत नाही जी. ते काम विलायतेतलं." सीताबर्डीच्या एका दुकानात मात्र अगदी हवं तसं होतं. किंमत ऐकून मी टोपी सारखी केली आणि बाहेर आलो.

लढाईपूर्वी ही भांडी म्हणे गाड्या भरून येत होती. तेव्हा आपण डोळे मिटून पितळ घासत बसलो. असो, मिळेल. नागपुरात मिळत नाही असं काही नसतं, फक्त उशीर होतो. तोवर तू आंबट खाऊ नको. दूध घे, अंगावर काढू नको, आणि सासूबाईंना ठाम सांग.

तुझा,
दादा

*

उमरेड,
१४ जुलै १९४२

ती. दादा,

आंबट खाऊ नको, ठाम सांग, ही वाक्यं नागपुरात बसून फार छान लिहिता येतात. इथे चुलीपाशी ती गळ्यातून बाहेर येत नाहीत.

काल मी माझ्या वाटीतली कढी मोरीत ओतली. प्रेमलतेनं पाहिलं. पोर अजून अंगाची हळद न गेलेली, मला वाटलं आता सांगणार. तिनं नुसती माझी वाटी घेतली आणि विसळून टाकली. पण रोज असं किती ओतणार? नुसत्या कोरड्या भाकरीवर अंगात बळ राहत नाही आणि बळ राहत नाही म्हणून सासूबाई आणखी सार करतात.

अक्षर वाकडं आलंय त्याला हसू नको. उजवं मनगट मधूनमधून लुळं पडतं. परवा घागर हातातून सुटली. पोटात पीळ पडतो तेव्हा हा पोटातला जीव अगदी गप्प होतो, आणि मग तो पुन्हा हलेपर्यंत मी काहीएक काम करू शकत नाही. मला फार भीती वाटते, दादा. लवकर बघ.

वच्छला

*

महाल, नागपूर,
३ ऑगस्ट १९४२

चि. वच्छले,

मिळालं! या पत्रासोबतच इतवारी स्टेशनातून पार्सल निघालं आहे. विश्वनाथरावांना हमालासकट स्टेशनवर पाठव, कारण ते एका माणसाला एका हातानं उचलवत नाही.

हकिगत अशी. जंगल खात्यातला एक बडा साहेब विलायतेला परत चालला आहे. सिव्हिल लाइन्सात त्याच्या बंगल्यावर सामानाची हर्राशी होती. सदरात जुन्या सामानाचा धंदा करणारे नत्थूजी माझ्या ओळखीचे, त्यांनी मला मुद्दाम नेलं. खुर्च्या, वाघाची कातडी, पियानो, आणि एका कोपऱ्यात पालथं घातलेलं हे भांडं. बाहेरून निळं, आतून दुधासारखं पांढरं, बिडाचं, वर तसंच जड झाकण. लोक कपाटांवर बोली लावत होते, याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. त्यामुळे ते माझ्यासारख्या कारकुनाच्या आवाक्यात आलं.

आता जे लिहितो ते फक्त तुझ्यासाठी. मी तळाला बोटं फिरवून बघत होतो, तर साहेबाचा खानसामा जवळ आला. त्याला ते भांडं जाताना वाईट वाटत होतं. मला म्हणाला, "ले जाइए पंडितजी, आँख मूँद के ले जाइए. बीस बरस से हर इतवार इसी में बड़े का गोश्त पकाया है. देख लीजिए, एक खरोंच नहीं." बड़े म्हणजे आपण पोळ्याला पुजतो तेच जनावर, जास्त लिहीत नाही. मी भांडं खाली ठेवलं, हात धोतराला पुसले आणि दाराकडे निघालो. मग तुझं मनगट आठवलं आणि परत फिरलो.

नत्थूजींना विचारलं, तर ते हसायला लागले. "लोखंडाले का विटाळ लागते जी? घासा अन् वापरा." तुझ्या वहिनीनं ते राखेनं, चिंचेनं, शिकेकाईनं घासून घासून स्वतःचे हात सोलून घेतले आहेत. वर तुळशीपत्र ठेवलं. याहून जास्त शुद्ध मी स्वतःही नाही.

घरी सांग, की दादानं इतवारीतून नवंकोरं घेतलं. तामचिनी म्हणून सासूबाईंनी नाक मुरडलं, तर म्हण की हे तसलं चहाच्या मगाचं तामचिनी नव्हे, हे लोखंड आहे, आणि लोखंड विस्तवावर चढलं की आपोआप शुद्ध होतं. शास्त्र त्यांना पटतं. पत्र वाचून चुलीत घाल.

दादा

*

उमरेड,
२९ ऑगस्ट १९४२

ती. दादा,

मधल्या दंगलीत टपाल बंद होतं, म्हणून इतके दिवस लिहिता आलं नाही. नागपुरात गोळीबार झाला असं ऐकलं. तुम्ही सगळे धड आहात ना? आधी तेवढं कळव.

भांडं मात्र दंगलीच्या आधीच येऊन पोचलं. यांनी ते घरात आणलं तेव्हा सासूबाई ओटीवर होत्या. तू शिकवलेलं सगळं मी घडाघडा म्हणून दाखवलं. लोखंड, विस्तव, शुद्ध. त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं, उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, "वजनदार आहे वं. तुह्या भावानं मन लावून पाह्यलेलं दिसते." एवढंच. त्याच दिवशी कढी त्यात झाली. मामंजी दोनदा मागून प्यायले आणि कढी पांढरीशुभ्र कशी काय, म्हणून विचारू लागले.

दादा, मी बरी आहे. लिहितानासुद्धा भीती वाटते, पण खरंच बरी आहे. पोटातला पीळ गेला. मनगटाला अजून थोड्या मुंग्या येतात, पण घागर उचलता येते. पोटातला जीव दिवसभर लाथा मारतो, दुपारी मला निजू देत नाही. मी आता तिला रागावते. मुलगी आहे असं मला वाटतं.

आणि आणखी एक नवल. सासूबाईंचा वायगोळा गेला! हे मी तुला हसत लिहिते आहे. पंधरा-वीस दिवसांत एकदाही उठला नाही. त्या म्हणतात, त्यांनी महालक्ष्म्यांना नवस बोलला होता त्याचा गुण. म्हणू देत. पण भांड्यावर त्यांचा इतका जीव जडलाय, की दुसऱ्या कुणाला घासायला देत नाहीत. शेजारच्या यमुताईंना बोलावून दाखवलं, "आमच्या वच्छलेच्या माहेरचं." माझ्या माहेराबद्दल इतकं चांगलं त्या पहिल्यांदाच बोलल्या.

तेच आता गळ्याशी आलंय. यंदा महालक्ष्म्यांच्या नैवेद्याची आंबील याच भांड्यात करायची असं त्यांनी ठरवलं आहे. पितळेत ती दरवर्षी कळकते, म्हणून देवीपुढे वाईट वाटतं म्हणतात. मी काय करू? आपण माणसं त्यात जेवलो तो आपला प्रश्न झाला. पण देवीच्या पानात ते वाढायचं? आणि माझ्या पोटात हे असताना? मला झोप येत नाही. तू सांगशील तसं करीन.

वच्छला

*

महाल, नागपूर,
८ सप्टेंबर १९४२

चि. वच्छले,

आम्ही धड आहोत. महालात बरंच काही झालं, ते पत्रात लिहायचं नाही.

तुझं पत्र वाचून वहिनी देवापुढे साखर ठेवून आली. मला तर इतका आनंद झाला, की कचेरीत तीन बेरजा चुकवल्या. वेडाबाई, गप्प बस. काहीएक बोलू नको. ज्या भांड्यानं दोन बायकांना बरं केलं, त्यातली आंबील देवीला चालणार नाही, तर कशातली चालणार? देवी चौकशा करत नसते, चौकशा माणसं करतात. तू नुसतं पोटभर जेव आणि तिला रागावत जा.

दादा

*

उमरेड,
२२ सप्टेंबर १९४२

ती. दादा,

तुझं पत्र मिळालं होतं. तरी मी बोलले.

महालक्ष्म्या बसल्या. मुखवटे मांडले, साड्या नेसवल्या, शेजारी त्यांची लेकरं म्हणून पिलवंडं मांडली. सासूबाईंनी मला जवळ बसवून देवीच्या ओटीतलं खोबरं माझ्या ओटीत घातलं. मग स्वतःच्या हातानं भांडं उचलून आणलं आणि म्हणाल्या, "वच्छी, यंदा देवीले तुह्या माहेरच्या भांड्यातली आंबील." त्यांचे डोळे भरून आले होते. मला या घरात येऊन इतकी वर्षं झाली, कुणी माझ्याशी असं बोललं नव्हतं. आणि मी देवीच्या तोंडाकडे पाहिलं. दोन गेली आहेत, दादा. हे तिसरं मी तिच्याकडे मागते आहे. मागणाऱ्यानं तिलाच फसवायचं, हे मला झेपेना. सगळं सांगून टाकलं. साहेब, हर्राशी, खानसामा, सगळं.

सासूबाई ओरडल्या नाहीत. खाली बसल्या. "तुले पह्यलेपासून ठाऊक होतं?" म्हटलं, हो. भांडं जवळ ओढून त्यांनी झाकण उघडलं आणि पुन्हा आत पाहिलं. मला वाटलं, आता उकिरड्यावर जाणार. पण त्यांचा जीव होता त्याच्यावर, टाकवेना. मग म्हणाल्या, "तूच सांगतलं ना, लोखंडाले विस्तव शुद्ध करते? मंग करू ना शुद्ध. फेकाचं काहून?"

मागच्या अंगणात त्यांनी स्वतः गोवऱ्या रचल्या. त्या वयात वाकून वाकून रचल्या, मला हात लावू दिला नाही. मी म्हणत होते, चुलीवर चढवतो तेवढा विस्तव पुरे आहे. पण त्या म्हणाल्या, असल्या पापाला एवढुशा विस्तवानं काय होणार. भांडं मधोमध ठेवून पेटवलं. निळा रंग आधी काळा झाला, मग सगळं भांडं लाल दिसायला लागलं. आंबिलीला उशीर होत होता. भांडं आपोआप निवेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. शुद्धीचा शेवट गंगाजलानं करायचा म्हणून त्यांनी काशीहून आणलेला गंगेचा गडू फोडला आणि त्या लाल भांड्यात ओतला.

आवाज ओटीवरच्या पुरुषांना ऐकू गेला. तळ आरपार तडकला, एक बाजू सुटून पडली आणि आतलं पांढरं सगळं फुटून उडालं. एक तुकडा सासूबाईंच्या दंडाला भाजून गेला. त्या तिथेच राखेत बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "देवीनंच नाही म्हटलं वं." आणि उठून पितळेचं पातेलं मांडायला गेल्या.

आंबील त्यात झाली. कल्हईवालाही नुकताच येऊन गेला होता, सगळं चकचकीत. नैवेद्य झाला, सवाष्ण जेवली, पंगती झाल्या आणि शेवटी आम्ही बसलो. मी ती आंबील प्यायले, दादा. देवीचा प्रसाद नको कसा म्हणायचा?

दोन दिवसांपासून पीळ पुन्हा सुरू झालाय. सासूबाईंना अजून काही नाही, त्यामुळे नवसाचाच गुण होता हे आता पक्कं ठरलं. माझ्यावर राग धरला नाही त्यांनी. उलट रोज सार करतात, भांड्याचं दुःख विसरावं म्हणून. मी गप्प बसले असते, तर देवी रागावली असती का? मला तू खरं सांग.

वच्छला

*

महाल, नागपूर,
१ ऑक्टोबर १९४२

वच्छले,

खरं विचारतेस, तर खरं सांगतो. मूर्खपणा केलास. वर्षाचे सगळे दिवस सोडून खरं बोलायला तुला तोच दिवस सापडला? देवी रागावली असती की नाही ते मला माहीत नाही. मी रागावलो आहे. तू तुझ्या लेकीपेक्षा स्वतःचं मन हलकं करणं जास्त जवळचं मानलंस.

आणि माझाही राग येतो. विस्तवाचं शास्त्र तुला पढवणारा शहाणा मीच.

नत्थूजींकडे रोज जातो. साहेब लोकांचं जाणं आता थांबलं आहे, हर्राशी नाही. कामठीला जाऊन आलो, पलटणीच्या बाजारातही नाही. सीताबर्डीचं तेही विकलं गेलं. तेव्हा मला असं वाटतं, आता भांडं बघायचंच नाही. दिवाळीत मी स्वतः येतो आणि तुला घेऊन येतो. घर लाभो न लाभो, मी मामंजींच्या पाया पडेन. तोवर काही झालं तरी आंबट पिऊ नको, कुणाच्याही डोळ्यांत पाणी आलं तरी.

हे पत्र उद्या वाचलं तर फाडावंसं वाटेल, म्हणून आत्ताच पेटीत टाकतो.

दादा

*

उमरेड,
१४ डिसेंबर १९४२

चि. मधुसूदनरावांना सत्यवतीबाईचा आशीर्वाद.

मला लिहिता येत नाही. मी सांगते आहे आणि धाकटी सून प्रेमलता लिहून घेते आहे.

तुम्ही दहाव्याला आलात आणि घोटभर पाणी न घेता गेलात. मला दोष देऊन गेलात, ते मला कळलं. तोंडावर बोलला असता तर मी ऐकलं असतं. आता मी बोलते, ते तुम्ही ऐका.

तारेत सगळं येत नाही. तिला सातव्यातच कळा लागल्या. दोन दिवस सुईण होती, मग तिच्यानं होईना म्हणून विश्वनाथ डॉक्टरला आणायला गेला. मुलगी झाली. ती रडली नाही. वच्छला त्यानंतर संध्याकाळपर्यंत होती. मुलगी रडली का, म्हणून विचारत होती. मी हो म्हटलं.

तुमचं शेवटचं पत्र आलं ते तिनं मला वाचून दाखवलं होतं. "दादा दिवाळीत न्यायला येतो म्हणतो, रागावू नका," एवढंच तिनं वाचलं. मी रागावले नाही. जा म्हटलं. हे तुम्हाला माहीत नसेल, म्हणून सांगते.

आता ज्यासाठी पत्र लिहवते आहे ते. भांडं घरात होतं तो सगळा महिना माझं पोट दुखलं नाही. मी ते नवसाच्या खाती टाकलं. ती गेल्यावर कार्तिकात मला वायगोळा उठला, आता तर एक दिवसाआड उठतो. नवस मी फेडला आहे, देवीचं माझ्याकडे काही राहिलेलं नाही. मग तो परत का आला? मी अडाणी आहे, पण पोट माझंच आहे, आणि ते मला सांगतं आहे, की वच्छला खरं बोलत होती. तिनं सांगितलं तेव्हा मी तिला विचारलं होतं, की तुलाच कसं होतं. मला लग्नापासून होत होतं. माझीही तीन गेली आहेत. ती का गेली हे मला या वयात कळलं. कुणाला सांगू?

प्रेमलतेला दिवस गेले आहेत. हे लिहिताना ती थांबली होती, मी लिही म्हटलं.

तुम्ही पुन्हा तसंच भांडं बघा. किमतीचं मनात आणू नका, माझी एक पाटली आहे. जुनं असलं तरी चालेल. तुमची बहीण राहिली नाही, तेव्हा तुम्ही हे का करावं, असं तुम्ही म्हणाल तर ते बरोबरच आहे. पण मिळालं तर ते कुणाच्या घरचं आहे आणि त्यात काय शिजत होतं, ते मला कळवू नका. मी विचारणार नाही. मला कुणी सांगायला आलं, तर मी ऐकणार नाही.

सत्यवतीबाई

ता. क. — सासूबाई देवापाशी गेल्या आहेत, म्हणून या ओळी माझ्या मनानं लिहिते. त्या म्हणतात तसं त्यांना पटलं आहे खरं. पण मामंजींना अजून दोन्ही वेळा कढी लागते, ती पितळेतच होते आणि सासूबाईंना त्यांच्यापुढे बोलवत नाही. वच्छलाताई वाटी मोरीत ओतत, तेव्हा ती विसळून ठेवायला मी होते. आता मी एकटीच शेवटी बसते. दादा, भांडं मिळेपर्यंत मी काय खायचं, तेवढं उलट टपाली कळवा.

प्रेमलता